धायटी : बहुतेक आसव-अरिष्टांमागचं फूल

(दृश्य : फेब्रुवारीतला सह्याद्रीचा उतार)

गवत वाळून कडकडीत झालंय. बरीचशी झाडं निष्पर्ण. आणि गडाच्या वाटेवर, ओढ्याच्या काठाला, कातळाच्या फटीत ही लालभडक झुडपं. कुठे कमरेएवढी, कुठे डोक्याच्याही वर गेलेली. ही धायटी. कुणी धायफूल म्हणतं, संस्कृत ग्रंथांत धातकी. याच दिवसांत पळस फुलतो, त्यामुळे सगळे कॅमेरे तिकडे वळतात आणि धायटी राहून जाते.

(दृश्य : फुलांचे झुबके, जवळून)

लाल दिसतंय त्या पाकळ्या नव्हेत. ती किंचित वाकलेली नळी म्हणजे फुलाचा निदलपुंज, कळीला झाकणारं बाहेरचं आवरण. पाकळ्या सहा आहेत, पण त्या इतक्या बारीक, की शोधाव्या लागतात. नळीच्या तोंडातून बारा पुंकेसर बाहेर डोकावतात, आणि तळाशी मध. शिंजीर आपली बाकदार चोच आत घालतो तेव्हा परागकण त्याला चिकटतात आणि पुढच्या फुलावर पोचतात. फुलं नसताना झुडूप ओळखायचं असेल तर पान उलटं करून पाहावं. मागच्या बाजूला बारीक काळे ठिपके असतात.

मेंदी, डाळिंब आणि महाराष्ट्राचं राज्यफूल ताम्हण हे हिच्याच कुळातले. पानगळीची जंगलं आणि उघडे, खडकाळ उतार हे तिचं घर. हिमालयात ती साधारण दीड हजार मीटरपर्यंत चढते, आणि देशाबाहेर मादागास्करपासून इंडोनेशियापर्यंत सापडते. वणवा लागला किंवा कुणी तोडून नेली, तरी बुंध्यापासून पुन्हा फुटते.

(दृश्य : वाळत घातलेली फुलं, लाकडी पिंप)

तुमच्या घरात कधी द्राक्षासव, अशोकारिष्ट किंवा दशमूलारिष्टाची बाटली आली असेल, तर हे फूल तुमच्याकडे येऊन गेलंय. आसव आणि अरिष्ट ही आयुर्वेदातली आंबवलेली औषधं. अरिष्ट करताना औषधी वनस्पतींचा काढा उकळतात, आसवात सहसा उकळत नाहीत. दोन्हींत गूळ, साखर किंवा मध घालतात आणि मग धायटीची वाळलेली फुलं. भांड्याचं तोंड बंद करून ते कित्येक दिवस ठेवून देतात. फुलांवर नैसर्गिकरीत्या यीस्ट असतं, ते गोडाचं मद्यार्कात रूपांतर करतं. तयार होणारा हा थोडासा मद्यार्क वनस्पतींमधले गुण ओढून घेतो आणि औषध टिकवतो. म्हणूनच काढा निवल्यावरच फुलं टाकायची असतात, गरम काढ्यात यीस्ट मरून जाईल. सूक्ष्मदर्शकाच्या कित्येक शतकं आधी आपल्या वैद्यांनी हे निव्वळ निरीक्षणातून बसवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बाकी उपयोगही आहेत. फुलांपासून लाल रंग निघतो. टॅनिन भरपूर, म्हणून चव तुरट, आणि म्हणूनच आयुर्वेदात ती अतिसारावर, रक्तस्रावावर सांगितलेली आहे. अर्थात, हे प्रयोग वैद्याला विचारूनच.

(दृश्य : टोपल्या, फुलं खुडणारे हात)

मागणी एवढी, पण फूल येतं मुख्यतः जंगलातूनच. आदिवासी कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडाशी ते खुडतात, वाळवतात आणि विकतात. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वनस्पतिज मालावरचा, त्यांचा हक्क मान्य केलाय. अडचण निराळीच आहे. बी धरतं ते याच लाल नळीच्या आत. फूल खुडलं की बी गेलं. झुडूप वर्षानुवर्षं फुलत राहतं, त्यामुळे काही बिघडलंय हे लक्षातच येत नाही, आणि आजूबाजूला नवं रोप मात्र दिसत नाही. प्रत्येक झुडपावरच्या काही फांद्या फुलांसकट सोडल्या, तरी पुष्कळ फरक पडेल.

(दृश्य : रोपवाटिका)

लागवड अवघड नाही, पण बियांशी नाजूकपणे वागावं लागतं. बी धुळीसारखं बारीक असतं. बोंडं सुकून फुटण्याआधी गोळा करायची, बी वाळूमिश्रित मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर मातीचा थर द्यायचा नाही. झारीचं जोरदार पाणी ते वाहून नेतं, तेव्हा फवारा हवा किंवा ट्रे पाण्यात ठेवून खालून ओल द्यावी. पक्व फांद्यांची छाटकलमंही करता येतात, मुळं फुटायला संजीवकाची (वाढीला चालना देणाऱ्या द्रव्याची) मदत होते. रोपं पावसाच्या सुरुवातीला लावावीत. जागा उन्हाची आणि निचऱ्याची हवी, जमीन हलकी, मुरमाड असली तरी चालते. बांधावर किंवा धूप होणाऱ्या उतारावर लावली तर माती धरून ठेवायलाही मदत होते. पाणी साचणाऱ्या शेतात मात्र ती लावूच नये.