अंगठी, नाणं आणि हंड्याचा राखणदार

[दृश्य : चुलीतला विस्तव, टेबलावर गोल पाव]

३१ ऑक्टोबरची रात्र. आयर्लंडमध्ये साउनचा सण. जुनी समजूत अशी, की या रात्री इहलोक आणि परलोक यांच्यामधलं दार उघडं असतं. पुढचं काय ते विचारायचं आजच.

मनुका-बेदाणे घातलेल्या या पावाला म्हणतात बार्मब्रॅक. त्याच्या पोटात अंगठी दडवलेली असे. जिच्या वाट्याला ती आली, तिचं लग्न वर्षाच्या आत. नाणं आलं तर पैसा, चिंधी आली तर दारिद्र्य. वाटाणा आला, तर यंदा लग्न नाही. आणि काडी? मग नवरा मारकुटा.

विस्तवाच्या कडेला हेझलच्या दोन बिया ठेवत. एकीला मुलाचं नाव, दुसरीला मुलीचं. दोन्ही शेजारी शांतपणे जळल्या, तर जोडी टिकणार. एक तडकून उडाली, की संपलं.

पोरीबाळींचा खेळ म्हणून हे सोडून देता येत नाही. १८४०च्या दशकातल्या महादुष्काळानंतर जमिनीचे तुकडे नकोत म्हणून ती बहुधा एकाच मुलाकडे जाई. बाकीच्यांनी अमेरिकेची बोट धरायची, नाहीतर बिनलग्नाचं राहायचं. मुलीला हुंडा लागे आणि सोयरीक मध्यस्थ जुळवी. ईस्टरआधीच्या उपवासात लग्नं लागत नसत. तोवर ज्यांचं जमलं नाही, त्यांच्या कोटाच्या पाठीवर उपवासातल्या पहिल्या रविवारी खडूची रेघ ओढली जाई. भर चर्चच्या वाटेवर! त्या रविवाराचं नावच पडलं खडूचा रविवार. त्या पाठीवरच्या रेघेची धास्ती समजली, की पावातल्या अंगठीचं मोल कळतं.

[दृश्य : शाळेच्या वह्या, मुलांचं अक्षर]

१९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या मुलांना सांगितलं : घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि लिहून आणा. विषयांच्या यादीत गुप्तधनही होतं.

या गोष्टींमध्ये सोन्याचा हंडा बहुतेकदा 'राथ'मध्ये असतो. राथ म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या वस्तीभोवतीचा मातीचा गोल बांध. कुणाला तरी तीन रात्री त्याच हंड्याचं स्वप्न पडतं. धन पुरणाऱ्याने एका माणसाला मारून तिथेच राखणीला ठेवलेलं असतं. खणताना तोंडातून शब्द काढायचा नाही. कुदळ दगडावर खणकन वाजते, तोच अंधारातून बैल धावून येतो. कुणीतरी किंचाळतं, आणि हंडा गडप.

[दृश्य : लिमरिक परगणा, शेत]

पण १८६८ साली आर्डा गावाजवळच्या राथमध्ये दोन मुलं बटाटे काढत होती, आणि खरोखरच धन लागलं. आठव्या शतकातला चांदीचा चषक, सोन्याच्या बारीक तारकामाने मढवलेला. सोबत काशाचा एक पेला आणि चार ब्रोच. आज तो चषक डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

बाकी कित्येक राथांवर पिढ्यान्‌पिढ्या नांगर फिरला नाही. तिथे अदृश्य परीलोक राहतात अशी समजूत; त्यांना डिवचायची शेतकऱ्यांची छाती नव्हती. १९८७ सालच्या कायद्याने परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर घेऊन पुराणवस्तू शोधणं गुन्हा ठरवलं. त्याआधी शेकडो वर्षं हे बांध सांभाळले, ते परीलोकांच्या भीतीने.