पहिल्या सरांचं नाव

(सांगलीत शालेय बुद्धिबळपटू आणि त्यांच्या प्रशिक्षकांच्या सत्काराच्या वेळी केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

व्यासपीठावरचे मान्यवर, समोर बसलेले शिक्षक, पालक आणि मुलांनो,

28 जुलै 2025 ला जॉर्जियातल्या बाटुमी शहरात आपल्या नागपूरची दिव्या देशमुख महिलांचा विश्वचषक जिंकली. वय वर्षं 19. समोर कोनेरू हंपी. नेहमीच्या वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, टायब्रेकच्या जलद डावांत दिव्यानं बाजी मारली आणि त्या एका विजयानं ती थेट ग्रँडमास्टर झाली. हे इथल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. मला सांगायचं आहे ते त्याच्या नंतरचं. ती नागपूरला परतली, विमानतळावर गर्दी उसळली, समोर माइक आले. तेव्हा आईवडील आणि बहीण यांच्याबरोबर तिनं आणखी एक नाव घेतलं. राहुल जोशी. तिचे पहिले प्रशिक्षक. आपण ग्रँडमास्टर व्हावं ही सरांची इच्छा होती, असं तिनं सांगितलं. जोशी सर 2020 मध्येच गेले होते.

मी ती बातमी दोनदा वाचली. विश्वविजेत्या मुलीला आपले पहिले सर आठवतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ते नाव महाराष्ट्रातल्या बहुतेकांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि ऐकायला सर नव्हते. आजच्या या कार्यक्रमाला मी आलो तो त्या बातमीमुळे.

आपल्याकडे सत्कार कमी होतात असं कुणी म्हणणार नाही. मीच गेली कित्येक वर्षं अशा व्यासपीठांवर बसलो आहे. मुलाला करंडक मिळतो, पालकांसोबत फोटो होतो, आणि शेवटी निवेदक म्हणतो, ‘तसेच सर्व मार्गदर्शकांचेही आभार.’ सर्व मार्गदर्शक! त्या एका शब्दात सात-आठ माणसं एकदम गुंडाळली जातात. त्यातल्या एकानं शाळेच्या कपाटात पडून असलेल्या लाकडी सोंगट्या पुसून काढल्या आणि हरवलेल्या हत्तीच्या जागी बाटलीचं झाकण ठेवून वर्ग सुरू केला. दुसऱ्या बाईंनी रविवारची सुट्टी देऊन मुली स्पर्धेला नेल्या. त्यांना एकच नारळ, एकच शब्द.

राष्ट्रीय पातळीवर पाहा. द्रोणाचार्य पुरस्कार 1985 साली सुरू झाला आणि दुसऱ्याच वर्षी, 1986 मध्ये, बुद्धिबळासाठी तो आपल्या रघुनंदन गोखले यांना मिळाला. मराठी माणसानं अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट आहे, आणि नव्या मुलांना ती माहीत नाही. त्यानंतर बुद्धिबळाची पाळी आली 2006 मध्ये. कोनेरू अशोक, म्हणजे हंपीचे वडील. मग 2023 मध्ये चेन्नईचे आर. बी. रमेश. गोखल्यांना पुरस्कार मिळाला त्या वर्षी भारतात एकही ग्रँडमास्टर नव्हता; आनंद पहिला झाला तो 1988 मध्ये. दिव्या 88वी. शून्यापासून अठ्ठ्याऐंशीपर्यंत देश गेला, त्या वाटेवर किती हातांनी किती मुलांना घोड्याची अडीच घरं शिकवली असतील! ते सगळे दिल्लीला पोहोचणार नाहीत. पोहोचावेत असंही मी म्हणत नाही. राष्ट्रीय पुरस्कार शिखरासाठीच असतो. पण म्हणूनच पायथ्याचा मान तालुक्यानं आणि जिल्ह्यानं राखायला हवा, कारण तो दुसरं कुणी राखणार नाही.

आणि हे सांगलीत सांगायची वेळ येऊ नये. या गावाला आपण नाट्यपंढरी म्हणतो, पण पटाची वारीही इथं तेवढीच जुनी आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून पिढ्यान्‌पिढ्या मुलं घडवली. भाग्यश्री साठे, म्हणजे नंतरच्या भाग्यश्री ठिपसे, इथल्याच. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या, पद्मश्री, आणि 1991 मध्ये आशियाई विजेत्या. स्वाती घाटे इथल्याच. भाऊसाहेबांचं नाव आपण आदरानं घेतो ते योग्यच आहे. मात्र प्रत्येक तालुक्यात त्याच कामाचा एक छोटा तुकडा करणारा कुणीतरी आहे, आणि त्याचं नाव त्याच्या गल्लीबाहेर कुणाला ठाऊक नाही.

प्रशिक्षक नेमकं काय करतो, हे मी एका प्रसंगातून सांगतो. त्यातली पहिली चूक माझी आहे.

मी नवा शिक्षक होतो. शाळेचा संघ घेऊन जिल्हा स्पर्धेला गेलो होतो. चौदा वर्षांखालचा एक मुलगा शेवटच्या फेरीत जिंकतच आला होता. त्याच्याकडे राजा आणि वजीर, समोरच्याकडे नुसता राजा, तोही कोपऱ्यात. जिंकला असता तर पहिल्या पाचांत येऊन विभागाला गेला असता. त्यानं वजीर घाईनं पुढे सरकवला. शह नाही, आणि समोरच्या राजाला जायला घरही नाही. कोंडी झाली, डाव बरोबरीत. अर्धा गुण गेला आणि निवडही गेली. हॉलच्या बाहेर, इतर शाळांच्या मुलांसमोर, मी त्याला बोललो. काय बोललो ते आज इथं उच्चारवत नाही. पुढच्या वर्षी त्यानं नाव दिलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, ‘सर, अभ्यास आहे.’ अभ्यास नव्हता. मी होतो.

खूप वर्षांनी मी एका जिल्हा स्पर्धेत पंच होतो. तिथं तसाच डाव झाला. अकरा वर्षांची मुलगी, राजा आणि वजीर, समोर कोपऱ्यातला राजा, आणि कोंडी. ती रडली नाही, दगडासारखी बसून राहिली. परतीच्या एसटीत तिचे सर आणि मी एकाच बाकावर होतो. ते शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. बुद्धिबळ त्यांनी वयाच्या पस्तिशीनंतर, आपल्याच विद्यार्थ्यांकडून शिकून घेतलं होतं. त्यांनी पिशवीतून खिशात मावणारा चुंबकाचा पट काढला. काळा राजा कोपऱ्यात ठेवला, पांढरा राजा लांब ठेवला, आणि पांढरा वजीर तिच्या हातात दिला. म्हणाले, ‘आता तू मुद्दाम कोंडी कर. असं एकूण किती घरांवर होतं ते मला शोधून दे.’

गाडी घाटात होती, पट हलत होता. ती एकेक घर तपासत गेली. थोड्या वेळानं म्हणाली, ‘दोनच घरं आहेत, सर. दोन्ही राजापासून घोड्याच्या चालीवर आहेत.’

मुलांनो, ज्यांना हे माहीत नाही त्यांनी घरी जाऊन पट मांडून बघा. कोपऱ्यातल्या एकट्या राजापासून वजीर घोड्याच्या चालीवर आला की कोंडी. जगभरातले प्रशिक्षक हे वाक्य शिकवतात. पण त्या मुलीला ते कुणी सांगितलं नाही, तिला ते सापडलं. आणि सापडल्यावर ती मागच्या बाकावरच्या तीन मुलींना दाखवायला गेली. ज्या चुकीनं तिची निवड गेली होती, ती चूक गाव येईपर्यंत तिची मालमत्ता झाली होती. त्या सरांना फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचं, रेटिंग नाही. त्यांच्याकडे ट्रेनरची पदवी नाही. त्या बाकावर बसून मी जे शिकलो ते मला कोणत्याही शिबिरात मिळालं नव्हतं.

म्हणून मी म्हणतो, सन्मान करताना काम सांगा. ‘बुद्धिबळ क्षेत्रातील उल्लेखनीय योगदानाबद्दल’ हे छापील वाक्य कुणालाही चालतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. अमुक सरांनी वीस मुलांना चाली लिहायला शिकवल्या. अमुक बाईंनी हरलेल्या मुलाला डबा खायला लावला आणि मगच डाव मांडला. असं सांगा. चाली लिहिणं ही लहान गोष्ट वाटते, पण लिहिलेला डावच पुन्हा मांडता येतो, आणि पुन्हा मांडता आला तरच हरण्याचा उपयोग होतो. लिहिलेला नसेल तर संध्याकाळी उरतं ते फक्त ‘हरलो’.

आता मुलांच्या सत्काराबद्दल. आपण पहिले तीन व्यासपीठावर बोलावतो. जरूर बोलवा, त्यांनी कमावलेलं आहे. पण आपल्या खेळात स्विस पद्धत आहे, तिची एक गंमत लक्षात घ्या. कबड्डीत बाद पद्धतीनं हरलेला संघ दुपारी घरी जातो. इथं पहिली फेरी हरलेला मुलगा दुसऱ्या फेरीत आपल्यासारख्याच हरलेल्या मुलासमोर बसतो, आणि शेवटच्या फेरीपर्यंत त्याला बसावंच लागतं. पहिले तीन डाव हरून चौथ्याला वेळेवर पटासमोर येणं, समोरच्याशी हात मिळवणं, घड्याळ दाबणं, ही सोपी गोष्ट नाही. मोठ्या माणसांना जमत नाही. शेवटच्या टेबलावर बसणारी ही मुलं प्रत्येक स्पर्धेचा कणा असतात. ती नसतील तर पहिल्या टेबलावरच्यांना स्पर्धाच उरणार नाही. माझी इच्छा आहे की प्रत्येक शालेय स्पर्धेत एक बक्षीस सगळ्यात चांगल्या लिहिलेल्या डावाला असावं, मग तो डाव हरलेला का असेना.

पालकांना एकच सांगतो, हात जोडून. मूल हॉलमधून बाहेर आलं की आपला पहिला प्रश्न असतो, ‘काय झालं? जिंकलास का?’ त्याऐवजी ‘डाव दाखव’ म्हणा. तुम्हाला खेळ येत नसेल तरी म्हणा. ते मूल तुम्हाला शिकवेल, आणि शिकवताना त्याची चूक त्याला दिसेल. आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या फ्लेक्सवर ‘भावी ग्रँडमास्टर’ छापू नका. ते ओझं पाठीवर घेऊन प्यादंसुद्धा हलत नाही.

मुलींबद्दल एक आठवण करून देतो, कारण समोर मुली बऱ्याच दिसत आहेत आणि मला फार बरं वाटतं आहे. 1976 मध्ये रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या. तेव्हा त्या शाळकरी वयाच्या होत्या, तेरा वर्षांच्या. विरोध झाला, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्पष्ट केलं की स्त्री आहे म्हणून कुणाला अशा स्पर्धेतून रोखता येणार नाही. 1981 मध्ये हैदराबादला त्या पहिल्या आशियाई महिला विजेत्या झाल्या. वासंती, जयश्री, रोहिणी, या तिघी बहिणींनी राष्ट्रीय महिला स्पर्धेवर वर्षानुवर्षं राज्य केलं. आज तालुक्याच्या स्पर्धेत मुलींचं टेबल मांडताना कुणी भुवई उंचावत नाही, ते कुणाच्या तरी भांडणामुळे.

शाळांच्या संस्थाचालकांपैकी काही इथं आहेत. चेन्नईच्या वेलम्मल शाळेचं नाव तुम्ही ऐकलं असेल. गुकेश तिथला, प्रज्ञानंद तिथला. ती शाळा खेळणाऱ्या मुलांना स्पर्धेसाठी मोकळीक देते. आपल्याकडे सरांनी मुलं स्पर्धेला नेली की परत आल्यावर त्यांच्या बुडालेल्या तासांचा हिशेब होतो. एसटीचं भाडं अनेकदा सर स्वतः भरतात आणि पावती फाडून टाकतात. तो दिवस कामाचा धरा आणि ते भाडं द्या. मी याहून जास्त मागत नाही.

एक मागणी मात्र आग्रहानं मांडतो. तालुक्यापासून राज्यापर्यंत आपली प्रमाणपत्रं छापली जातात. त्यावर मुलाचं नाव असतं, शाळेचं असतं, वयोगट असतो, तीन अधिकाऱ्यांच्या सह्या असतात. एक ओळ वाढवा: ‘खेळ शिकवणारी पहिली व्यक्ती’. शिक्षक असो, आजोबा असो, मोठी बहीण असो. 2024 मध्ये बुडापेस्टला भारतानं ऑलिम्पियाडची दोन्ही सुवर्णपदकं जिंकली. त्यात नाशिकचा विदित होता, नागपूरची दिव्या होती, महिला संघाचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे होते. त्या सगळ्यांच्या मागे कुठं ना कुठं असा एक माणूस आहे, ज्यानं पहिल्यांदा पट उलगडला आणि सांगितलं, उजव्या हाताला पांढरं घर. ती ओळ छापली तर वीस वर्षांनी कुणाला विमानतळावर सांगावं लागणार नाही. कागदावर असेल.

आज त्याची सुरुवात इथूनच करू या. संयोजकांना सांगून मी क्रम बदलून घेतला आहे. आधी मुलं वर येतील. प्रत्येकानं माइकवर, आपल्याला बुद्धिबळ पहिल्यांदा कुणी शिकवलं ते नाव सांगायचं. मग ती व्यक्ती सभागृहात जिथं असेल तिथून वर येईल, आणि शाल त्या मुलानंच घालायची. जे आज आलेले नाहीत त्यांची नावं या वहीत लिहून घेतली जातील, शाल घरी पोहोचेल. मुलांनो, नाव पूर्ण सांगा, नुसतं ‘सर’ म्हणून सोडू नका.

चौदा वर्षांखालच्या मुलींपासून सुरू करू. शेवटच्या टेबलावर कोण खेळलं होतं? ये बाळ, तू पहिली.