१२० ग्रॅमची पिशवी

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो, आणि शेती नसली तरी कापूस अंगावर घालणाऱ्या बाकीच्या श्रोत्यांनो.

पोळा आठ दिवसांवर आलाय. जूनच्या पावसावर लावलेली कपाशी आता पात्या-फुलांवर, म्हणजे कळ्या-फुलांवर असेल. उद्या सकाळी शेतात गेलात की फुलांकडे जरा निरखून बघा. सगळी फुलं उमललेली असताना एखादं फूल मूठ आवळल्यासारखं बसलेलं दिसेल. पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, गुलाबाच्या कळीसारखा पीळ पडलेला. हीच आपली डोमकळी. ती तोडा आणि पाकळ्या हलक्या हातानं सोडवा. आतून त्या बारीक रेशमी धाग्यानं टाचलेल्या असतात आणि मधोमध परागकण खात बसलेली असते तांदळाच्या कणीएवढी अळी. रंग पांढुरका, डोकं तेवढं काळपट. गुलाबी होते ती पुढे, वाढल्यावर. त्यामुळे या वयात तिला पुष्कळ जण ओळखतच नाहीत.

आज बोलायचंय ते या अळीबद्दल, म्हणजे गुलाबी बोंडअळीबद्दल, आणि त्याहून जास्त एका पिशवीबद्दल. ती पिशवी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. बीटी कपाशीचं पाकीट घेतलं की आत ४५० ग्रॅम बीटी सरकी असायची, आणि सोबत १२० ग्रॅमची एक वेगळी छोटी पिशवी. बिगर बीटी बियाण्याची. शेताच्या कडेनं लावा, असं तिच्यावर लिहिलेलं असायचं. लावली कोणी?

माझ्या मामांकडे, वर्धा जिल्ह्यात, एकदा माळा आवरायला घेतला तर ज्वारीच्या कणगीमागे अशा अकरा पिशव्या निघाल्या. एकही फोडलेली नाही. मी विचारलं, "मामा, हे काय?" तर म्हणाले, "फुकट आलेलं टाकवत नाही रे. अन् लावली तर अळी पोसायची का शेतात?"

प्रश्न अगदी रास्त होता. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तीन देशांत या अळीवर जे संशोधन झालं, ते सगळं मामांच्या या एका प्रश्नाभोवतीच फिरतं.

आधी बीटी म्हणजे काय ते दोन वाक्यांत. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलं. त्यामुळे झाडात असं प्रथिन तयार होतं, जे अळीच्या आतड्याच्या पेशींवर एका ठरावीक जागी जाऊन अडकतं, आतड्याला भोकं पाडतं आणि अळी मरते. भारतात ही कपाशी २००२ साली मंजूर झाली, एका जनुकाची. २००६ साली दोन जनुकांची आली, बोलगार्ड-२. सुरुवातीची काही वर्षं खरोखर चांगली गेली, हे नाकारू नये. अमेरिकन बोंडअळीनं तोवर शेतकऱ्याला पार मेटाकुटीला आणलं होतं.

गुलाबी बोंडअळीचं मात्र वेगळं आहे. ती इथलीच म्हणायची. शास्त्रज्ञांनी तिचं पहिलं वर्णन १८४३ साली केलं, तेही हिंदुस्थानातल्या कपाशीवरून मिळालेल्या नमुन्यांवरून. अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो, मिळेल ते खाते. हिचं तसं नाही, हिचं सगळं आयुष्य कपाशीवर. म्हणजे शेतात सगळीकडे बीटी कपाशीच असेल, तर हिच्यापुढे दोनच वाटा: मरा, नाहीतर ते विष पचवा.

विष पचवणारी अळी सुरुवातीला फार विरळ असते. समजा हजारांत एक. बीटीच्या शेतात बाकीच्या सगळ्या मरतात, ही उरते. हिचा पतंग झाला की त्याला जोडीदार कोण मिळणार? तिच्यासारखाच वाचलेला दुसरा. दोघांची पिल्लं जन्मतःच विष पचवणारी. आता कडेला बिगर बीटी कपाशीच्या चार ओळी आहेत असं धरा. तिथून साधे, विष न पचणारे पतंग शेकड्यांनी निघतात आणि त्या एका चिवट पतंगाची जोडी बहुतेक वेळा त्यांच्यापैकीच कोणाशी तरी जमते. त्यांच्या पिल्लाला चिवटपणाचं जनुक एकाच बाजूनं मिळतं. या अळीत तेवढ्यानं भागत नाही, आई आणि बाप दोघांकडून मिळावं लागतं. म्हणून ती पिल्लं बीटी बोंडात शिरली की मरतात. मामांनी विचारलं होतं ना, अळी पोसायची का? तर हो, थोड्या पोसायच्या, सोयरिकीसाठी!

अमेरिकेत ही अळी १९१७ साली टेक्सासात पहिल्यांदा सापडली आणि पुढे तिनं तिथल्या कापूसवाल्यांना ऐंशी-नव्वद वर्षं छळलं. १९९६ साली ॲरिझोनात बीटी कपाशी आली, तेव्हा बिगर बीटीचा पट्टा ठेवण्याचा नियम झाला आणि शेतकऱ्यांनी तो बहुतांशी पाळला. दहा वर्षांनंतरही तिथली अळी बीटीला मरतच होती. मग २००६ पासून त्यांनी एक अफलातून उद्योग केला. फिनिक्स शहरातल्या एका केंद्रात हे पतंग कोट्यवधींच्या संख्येनं वाढवायचे, किरणोत्सर्गानं त्यांना वांझ करायचं आणि विमानातून शेतांवर सोडायचे. रानातल्या पतंगाची जोडी अशा वांझ पतंगाशी जमली की पुढची पिढीच नाही. अळ्यांच्या खाद्यात ते लाल रंग मिसळत, म्हणजे सापळ्यात पतंग सापडला की चिरडून बघायचा: आत लाल निघाला तर आपला, नाहीतर रानातला. अशी त्यांची खानेसुमारी. सगळे मिळून अकराशे कोटींहून जास्त पतंग सोडले. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथल्या कृषी खात्यानं जाहीर केलं की अमेरिकेतल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपली.

चीनची गोष्ट याहून गमतीची, कारण तिथं कोणी काही ठरवून केलंच नाही. यांगत्से नदीच्या खोऱ्यात सगळी बीटी कपाशी, बिगर बीटी पट्ट्याचा नियम नाही, आणि अळीत प्रतिकार दिसू लागला होता. त्याच सुमारास तिथं संकरित बियाण्याचा दुसऱ्या पिढीचा वाण विकला जाऊ लागला. हातानं परागीकरण करून पहिल्या पिढीचं बी काढणं महाग पडतं, दुसऱ्या पिढीचं स्वस्त, हे साधं कारण. पण दुसऱ्या पिढीत दर चार झाडांतलं एक झाड बीटीशिवायचं निघतं. म्हणजे आपली १२० ग्रॅमची पिशवी शेतभर आपोआप पेरली गेली! चिनी आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी अकरा वर्षांच्या नोंदी घेऊन २०१७ साली दाखवून दिलं की चढत चाललेला प्रतिकार तिथं उलट फिरला, अळीही घटली आणि फवारण्याही.

लगेच घरची सरकी राखून ठेवायचा बेत करू नका बरं. आपल्याकडे तोवर गाडी फार पुढे गेली होती.

२००८ साली गुजरातच्या अमरेली भागात एक-जनुकी बीटी पचवणारी गुलाबी बोंडअळी सापडली, २०१० मध्ये ते जाहीर झालं. दोन जनुकं आहेत ना आता, काळजी नको, असं तेव्हा म्हटलं गेलं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ मात्र दरवर्षी राज्याराज्यांतून बोंडं गोळा करत होते, फोडून अळ्या मोजत होते, प्रयोगशाळेत त्यांना विष चारून बघत होते. हे फार कंटाळवाणं काम. त्याची बातमी होत नाही. त्यांच्या २०१० ते २०१७ च्या नोंदींत चढता आलेख स्वच्छ दिसतो: आधी पहिलं जनुक निकामी झालं, मग दुसरं.

२०१७ साली काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत सरकी पोखरलेली आणि कापसाची कवडी झालेली. अंड्यातून निघालेली अळी काही तासांत बोंडात शिरते आणि बोंड वाढताना तिनं पाडलेलं छिद्र बुजून जातं. मग फवारा कुठे पोचणार? तरी हवालदिल माणसानं फवारलं. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले.

अळीच्या पोटात नेमकं काय बदललं, तेही पाहिलं गेलंय. मघाशी म्हटलं की बीटीचं प्रथिन आतड्यात एका ठरावीक जागी अडकतं. ती जागा म्हणजे खुंटा समजा आणि प्रथिन म्हणजे दावं. खुंटाच उपटला तर दावं बांधणार कशाला? भारतातल्या शेतांतून नेलेल्या चिवट अळ्या तपासल्या तेव्हा हा खुंटा एका तऱ्हेनं नव्हे, तब्बल आठ तऱ्हांनी मोडलेला आढळला. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. दुसऱ्या जनुकासाठी खुंटा वेगळा, तोही मोडलेला सापडला, २०१८ साली. मला यात सगळ्यात बोलका वाटतो तो आठ हा आकडा. एकाच ठिकाणी चुकून बिघडलं आणि पसरलं, असं ते दिसत नाही. दाब इतका सगळीकडून होता की अळीनं ठिकठिकाणी आपापली पळवाट काढली.

आणि त्या पिशवीचं म्हणाल, तर दोष एकट्या शेतकऱ्यावर टाकायला माझी तयारी नाही. कैक पिशव्यांतलं बी धड उगवत नव्हतं. काहींत तर कपाशीऐवजी तूर असायची. अमेरिकन बोंडअळीसाठी तूर चालते, गुलाबीला तिचा काडीचा उपयोग नाही, कारण ती तूर खातच नाही. मग वेगळी पिशवी बंद करून पाकिटातच बिगर बीटीचे थोडे दाणे मिसळायची सोय झाली, ४७५ ग्रॅमचं एकच पाकीट. तोवर साधी अळी उरली होती किती? बैल गेला अन् झोपा केला, त्यातला प्रकार.

आता पुढे काय? वांझ पतंग सोडणं आपल्याला जमेल असं मला वाटत नाही. त्यांचा कापूसपट्टा केवढा आणि आपली एक कोटी हेक्टरहून जास्त कपाशी केवढी! दुसरी वाट गंधाची. मादी पतंग नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते, तो १९७३ सालीच ओळखला गेला. त्याच गंधानं भरलेल्या दोऱ्यासारख्या नळ्या झाडांना बांधायच्या. सगळं शेतच मादीच्या वासानं भरलं की नराला खरी मादी सापडत नाही. हे काम करतं, पण गाव मिळून केलं तरच. तुम्ही एकट्यानं दोन एकरांत बांधलं, तर शेजारच्या शेतात जोडी जमवून आलेली मादी तुमच्याकडे येऊन अंडी घालणारच. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेनं गुलाबी बोंडअळीवर चालणाऱ्या नव्या जनुकाची कपाशी तयार केल्याचं सांगितलं आहे. चाचण्यांचा लांब रस्ता पुढे आहे. ती आली तर मी पहिल्यांदा विचारीन, सोबतच्या पिशवीचं काय ठरवलंत?

राहिलं आपल्या हातातलं. थंडी पडली, दिवस लहान झाले की शेवटच्या पिढीतली अळी झोपी जाते. बहुतेक वेळा दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत. वेचणीत अशी जोडसरकी हाताला लागली तर फोडून बघा. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन राखलेली कपाशी, आणि घराशेजारी सरपणाला रचलेली पऱ्हाटी ही तिची उन्हाळ्यातली घरं. पाऊस पडला की तिथून पतंग निघतात. त्या वेळी कपाशीला पात्याच नसतील, तर अंडी घालायला जागा नसते आणि पतंग असेच मरून जातात. मध्यंतरी काही वर्षं जूनआधी बियाणं विकू देत नव्हते ते यासाठी. तुम्हाला जाच वाटला, पण त्यामागचा हिशेब हा असा होता.

आणि पोळ्याच्या आत कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या त्याच गंधानं नराला ओढणारे सापळे लावा, एकरी दोन. पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडे उंच. पतंग मध्यरात्रीनंतर उडतात, म्हणून रोज सकाळी बघायचं, मोजायचं आणि पोराच्या वहीत तारीख घालून लिहायचं. एका सापळ्यात आठ पतंग, असं सलग तीन दिवस आलं, तर त्याच दिवशी ती वही घेऊन कृषी सहायकाला गाठा. पहिल्या सकाळी सापळा रिकामा निघाला, तरी शून्य लिहा. कोरं सोडू नका.

नमस्कार.