काकवीच्या रंगाचे मणी

हे शिरोळ तालुक्यातलं रान. वरनं बघितलं तर नुसता ऊस, मधनं वळत गेलेली पंचगंगा. आता खाली या, सरीत. युरियाचं हे एक पोतं, 45 किलोचं, त्यात 46 टक्के नत्र म्हणजे वीसेक किलो झालं, पण सगळं काय उसाच्या पोटात जात नाही, रात्रभर पाट सोडून दिला की उरलेलं नायट्रेट होऊन पाण्यासंगट खाली झिरपतंय, माती त्याला धरून ठेवत नाही, आणि मग बोअर चालू केलं की परत आपल्याच घागरीत. रंग नाही, वास नाही. उकळून पण जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतंय.

हे नायट्रेट काढायला आता हातात काय हाय बघा. मोहरीएवढे मणी, रंग अगदी काकवीचा. ह्याला रेझिन म्हणतात, जात प्लास्टिकचीच. हे मणी पाईपात भरलेत, पाईप मुद्दाम पारदर्शक घेतलाय, आतलं दिसावं म्हणून. मण्यांवर आधी क्लोराईड बसलेलं असतंय, वरनं पाणी आलं की नायट्रेट तिथं चिकटतंय आणि क्लोराईड उठून पाण्यात जातंय, एसटीत एक उतरला की दुसरा बसतोय तसं. पण साध्या रेझिनला नायट्रेटपेक्षा पाण्यातलंच सल्फेट जास्त प्यारं. मणी भरले तरी तसंच चालवत बसलात तर मागनं येणारं सल्फेट बसलेल्या नायट्रेटला उठवतंय आणि नळाला बोअरपेक्षा जास्त नायट्रेट येऊ शकतंय! म्हणून दुकानात नायट्रेटसाठीचंच रेझिन मागायचं. (सॉफ्टनरचं रेझिन वेगळं, ते फक्त जडपणा काढतंय, गल्लत करू नका.)

मणी भरले की फेकायचे नाहीत. बादलीत मीठ, साधंच, विरघळवायचं आणि सावकाश सोडायचं, बघा कसं उतरतंय... क्लोराईड परत जागेवर, नायट्रेट बाहेर. ते खारं पाणी तेवढं रानात सोडू नका, शिरोळात क्षारपड जमीन आधीच काय कमी हाय का.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, त्याच्या वर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला धोका, रक्त ऑक्सिजन नेईना होतंय, अंग निळं पडतंय.

आणि ह्या दोन पट्ट्या, नायट्रेट तपासायच्या, नायट्रेट जास्त तेवढी पट्टी गुलाबी. डावीकडची बोअरच्या पाण्यात बुडवलेली, उजवीकडची पाईपातनं आलेल्या पाण्यात. गुलाबी कुठली जास्त, तुम्हीच बघा.