छातीवरचं पिस्तूल

मघाशी माझी ओळख करून देताना 'शिकारी' हा शब्द आला आणि मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. बरोबरच आहे. साताऱ्यात आमच्याकडे मटण दर रविवारी खाटकाकडून पिशवीतून यायचं, आणि भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हाच. त्यामुळे अमेरिकेत मोंटानात नोकरीला आल्यावर ऑफिसातला सहकारी कॅलेंडरवर सप्टेंबर लाल पेनाने रंगवून ठेवतो हे पाहून मी चक्रावलो होतो. तो एल्कचा, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाचा, धनुष्यबाणाचा हंगाम. आता माझंही कॅलेंडर लाल असतं. आज बोलायचंय ते त्याच हंगामात कमरेला, म्हणजे खरं तर छातीला, काय बांधावं याबद्दल.

धनुष्य हातात असताना पिस्तूल कशाला, हा प्रश्न मला आईने फोनवर विचारला होता. तिला दिलेलं उत्तर तुम्हालाही देतो. बाण चालतो तीस-चाळीस मीटरांवर. तेवढं जवळ जायचं तर माणसाने काय काय करायचं? अंगावर पानापानांचे कपडे, तोंडाला रंग, पायाखाली काडी मोडू द्यायची नाही, वारा कायम तोंडावर घ्यायचा म्हणजे आपला वास पुढे जात नाही. वर आणखी एल्कच्या मादीचा आवाज काढायचा. आता जंगलखात्याची पाटी वाचा: ग्रिझलीच्या, म्हणजे इथल्या तपकिरी अस्वलाच्या, मुलखात मोठ्याने बोलत चला, एकटे जाऊ नका, पहाटे-संध्याकाळी फिरू नका. आपण त्या पाटीवरचा एकूण एक नियम मोडतोय, आणि वर जंगलाला सांगतोय की इथे एक चविष्ट मादी उभी आहे. विदर्भात तेंदूपत्त्याला जाणाऱ्या बाया मोठ्याने बोलत, हाका मारत जातात, त्या आपल्यापेक्षा शहाण्या. सप्टेंबरात ग्रिझली हिवाळ्याच्या झोपेआधी चरबी साठवायला दिवसभर खात असतं, ही त्यात भर.

दुसरी गोष्ट बाणाची. रायफलचं जनावर बहुधा तिथंच पडतं. बाणाचं जनावर पळतं. अर्धा तास, कधी काही तास थांबून मग रक्ताच्या थेंबांमागे जायचं असतं. बाण संध्याकाळी लागला तर पुष्कळदा सकाळीच शोधायला जावं लागतं, आणि तोवर रात्रभर तो वास दरीत पसरलेला असतो.

२०१८च्या सप्टेंबरात शेजारच्या वायोमिंग राज्यातल्या टीटॉन विल्डरनेस या राखीव रानात नेमकं हेच झालं. बाण एका दिवशी लागला, एल्क सापडला दुसऱ्या दिवशी. वाटाड्या आणि त्याचा पाहुणा मांस काढत असताना ग्रिझलीची मादी आणि तिचं मोठं पिल्लू चालून आलं. त्यांच्याकडे १० मिलिमीटरचं पिस्तूल होतं. कुठे? काही अंतरावर ठेवलेल्या सामानापाशी. काम करताना अडचण नको म्हणून ते तिकडे राहिलं होतं. पाहुण्याने धावत जाऊन ते घेतलं, पण अस्वल आणि माणूस एकमेकांत असे गुंतलेले की गोळी कुणाला लागेल सांगता येईना. त्याने ते वाटाड्याकडे फेकलं, ते पोचलं नाही. वाटाड्याच्या अंगावर मिरचीचा फवारा होता, तो त्याने मारलाही, पण तोवर फार झालं होतं. तो वाचला नाही. त्या पिस्तुलाचा कॅलिबर, म्हणजे गोळीचं माप, चुकीचा होता असं मला कुणी सिद्ध करून दाखवावं. दुकानाच्या काउंटरवर मात्र लोक तासन्‌तास कॅलिबरवरच भांडतात.

आता भांडतातच तर त्यातही थोडं शिरू. ग्रिझली जोरात धावलं तर तासाला ५५ किलोमीटर. म्हणजे ३० मीटर दोन सेकंदांत. या दोन सेकंदांत ओळखायचं, काढायचं, रोखायचं आणि मारायचं. १९५५ साली आलेलं .४४ मॅग्नम हे काडतूस इथलं पारंपरिक उत्तर. सहा गोळ्यांचं रिव्हॉल्वर, दणकट, अडकणं-बिडकणं जवळजवळ नाही. पण .३०-०६सारख्या साध्या शिकारी रायफलच्या गोळीत .४४च्या जवळपास तिप्पट ऊर्जा असते, हे लक्षात ठेवा. म्हणजे पिस्तुलाने अस्वल उलथं पडत नाही. गोळी मेंदूत किंवा मणक्यात पोचली तरच ते जागच्या जागी थांबतं. बाकी ठिकाणी लागली तर ते वळेल अशी आशा. २००३ साली .५०० मॅग्नमही आलं. त्यातलं लांब नळीचं रिव्हॉल्वर दोन किलोच्या आसपास. ते घेऊन डोंगर चढणाऱ्याला माझा दंडवत.

मी पहिल्यांदा भाड्याने घेतलं ते हलक्या धातूचं .४४, सातशे ग्रॅमचं. दुकानदार म्हणाला, वजन जाणवणारही नाही. खरंच जाणवलं नाही, चाप ओढेपर्यंत. पहिल्या गोळीला मनगट कपाळापर्यंत आलं, आणि दुसऱ्या गोळीपासून माझे डोळे आपोआप मिटायला लागले. सात मीटरांवरच्या कागदी ताटलीवर सहापैकी दोन. पुढची मी मोजलीच नाहीत.

म्हणून मी १० मिलिमीटरकडे वळलो. हे काडतूस १९८३चं. ग्लॉक २० मध्ये ते पंधरा मावतात, आणि भरलेलं पिस्तूल साधारण एक किलो शंभर ग्रॅम. ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालणारं डेन्मार्कचं सिरियस पथक ध्रुवीय अस्वलांसाठी हेच पिस्तूल बाळगतं. त्यांनी निवडलं म्हणून मी निवडलं असं नाही, पण घरी समजूत घालायला तो मुद्दा उपयोगी पडला. धक्का सोसवतो, दुसरी गोळी पहिलीच्या जवळ जाते. गोळी मात्र विचारपूर्वक घ्यावी लागते. घराच्या रक्षणासाठी विकतात ती पोकळ टोकाची गोळी आत जाऊन फुलते आणि थांबते. माणसाला ते पुरतं. अस्वलाची जाड कातडी, चरबी, स्नायू आणि कवटी पार करायला कठीण शिशाची, चपट्या नाकाची, न फुलणारी गोळी लागते. २०१६ साली अलास्कातल्या एका अनुभवी वाटाड्याने असल्याच गोळ्या घालून साध्या ९ मिलिमीटरने चालून आलेलं अस्वल मारलं, तेव्हा .४४वाल्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. त्याचा हात मात्र कित्येक वर्षं तयार झालेला. तो भाग चर्चेत गळून जातो.

रिव्हॉल्वरच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अस्वल अंगावरच असेल आणि नळी त्याच्या केसांत रुतली असेल, तर ग्लॉकसारख्या अर्धस्वयंचलित पिस्तुलाची वरची पट्टी मागे ढकलली जाऊन ते उडतच नाही असं होऊ शकतं. रिव्हॉल्वर उडतं. ज्याला हे जास्त महत्त्वाचं वाटतं त्याने जड, पोलादी .३५७ किंवा .४४ घ्यावं आणि भरपूर सराव करावा. मी वाद घालणार नाही.

पण बांधायचं कुठे? कमरेला नाही. पाठीवरच्या सॅकचा पट्टा तिथे येतो. सॅकच्या कप्प्यात तर मुळीच नाही, कारण मांस काढताना सॅक बाजूला जाते, आणि त्या वायोमिंगच्या प्रसंगासारखं होतं. छातीवर, सॅकच्या पट्ट्यांखाली, वेगळ्या पट्ट्यांनी. मग सॅक काढली तरी ते अंगावर. ग्लॉकला वेगळी खिट्टी नसते, त्यामुळे चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टरच हवं. कापडी पिशवीत टाकून फिरणारे मी पाहिलेत, त्यांच्या पुढून मी चालत नाही.

आता फवाऱ्याचं. अलास्कात फवारा वापरलेल्या प्रसंगांचा २००८ साली अभ्यास झाला. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत फवाऱ्याने ९२ टक्के वेळा अस्वलाचं नको असलेलं वागणं थांबलं. त्यातल्याच काही अभ्यासकांनी २०१२ साली बंदुकांचे २६९ प्रसंग तपासले, त्यात पिस्तुलांचं यश ८४ टक्के निघालं, लांब बंदुकांचं ७६. हे आकडे एकमेकांसमोर ठेवून लोक सामना लावतात. मला ते पटत नाही. दोन्हींतले प्रसंग सारखे नाहीत, नुसतं कुतूहलाने आलेलं अस्वल आणि चालून आलेलं अस्वल यांत फार फरक आहे. तरी फवारा मी कधीच घरी ठेवत नाही. नेम थोडा चुकला तरी तो ढग असतो. आमच्यासारख्यांची अडचण वाऱ्याची. आपण वारा तोंडावर घेऊन चाललेलो, म्हणजे समोरून आलेल्या अस्वलावर मारलेली मिरची पुन्हा आपल्याच डोळ्यांत. त्या अलास्काच्या अभ्यासात ७१ पैकी ५ प्रसंगांत वाऱ्याने अडथळा आणला होता, पण फवारा अस्वलापर्यंत पोचला सगळ्याच वेळा. त्यामुळे माझ्याकडे दोन्ही असतात: फवारा डाव्या बाजूला, पिस्तूल छातीवर.

कायद्याचं थोडक्यात. अलास्का सोडून खालच्या ४८ राज्यांत ग्रिझली १९७५पासून संरक्षित आहे. २०१७ साली यलोस्टोन भागातलं संरक्षण काढलं, २०१८ साली न्यायालयाने परत आणलं. स्वसंरक्षणात मारलं तर पाच दिवसांत कळवावं लागतं, आणि ते खरंच स्वसंरक्षण होतं का याची चौकशी होते. पिस्तुलाने एल्क मारायचा नाही, हा धनुष्याचा हंगाम आहे. आणि इथे बसलेल्या एच-वन व्हिसावाल्यांनो, हे नीट ऐका. तुम्हाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला एरवी मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. ग्रीनकार्डवाल्यांना ही अडचण नाही. मित्राने हौसेने हातात दिलं म्हणून घेऊ नका, आधी वकिलाला विचारा.

आयोजकांनी विचारलंय, कधी काढावं लागलं का? एकदा काढायची वेळ आली होती. गॅलाटिनच्या डोंगरात, संध्याकाळी. मी मादीचा आवाज काढला आणि झुडपं हलली. एल्क समजून मी धनुष्य अर्धं उचललं. बाहेर आलं ते अस्वल, चाळीसेक पावलांवर, खांद्याचा उंचवटा स्पष्ट दिसत होता, म्हणजे ग्रिझलीच. मी पिस्तुलाकडे हात नेला आणि हात निघेना. बाण सोडायचा जो चाप आम्ही उजव्या मनगटाला पट्ट्याने बांधतो, त्याचा आकडा दोरीत अडकवलेला होता. म्हणजे उजवा हात धनुष्याला बांधलेला, डाव्यात धनुष्य, आणि दोन-दोन हत्यारं अंगावर. दुकानात, मैदानावर, घरी आरशासमोर मी शेकडो वेळा पिस्तूल काढून पाहिलं होतं, प्रत्येक वेळी रिकाम्या हाताने. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं, त्याने हवा हुंगली, आणि वळून गेलं. तेव्हापासून मी मनगटाचा पट्टा सोडून मुठीत धरायचा चाप घेतला आहे. हात उघडला की तो खाली पडतो. आणि सराव आता धनुष्य हातात घेऊन करतो. आधी धनुष्य टाकायचं, मग बाकी. पहिल्या दहा वेळा मला ते टाकवेना, हजार डॉलरचं होतं.