चौकटीवरचा शक, भिंतीचं वय

बेळगावच्या शहापुरात जुन्या वाड्याच्या चौकटीवर कधी शक कोरलेला सापडतो. समजा, १८०९. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १८८७. वाडा तेव्हाचाच, असं घरातले ठामपणे सांगतात. पण तो शक चौकटीचा आहे, आणि चौकट दुसऱ्या घरातूनही येते. तिच्या दोन्ही बाजू बघा. दगड तिच्या मापाने घडवून बसवलेत, की फटीत विटांचे तुकडे आणि माती कोंबली आहे? कोंबली असेल तर चौकट मागाहून बसली.

आता सोप्यातले, म्हणजे ओसरीतले, खांब. आज जिथे काहीच टेकत नाही, तिथे एक रिकामी खाच दिसते. सगळ्या खांबांवर ती एकाच उंचीला, समोरासमोर असेल, तर इथे पूर्वी माळा होता. उंची वेगवेगळी आणि तोंडं भलतीकडे असतील, तर लाकूड जुनं, बांधणी नंतरची. चांगलं सागवान कुणी फेकून देत नाही, म्हणून वय ठरवताना सगळ्यांत जास्त फसवणूक लाकडाकडूनच होते.

छपरावर मंगळुरी कौलं. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला १८६५ साली. म्हणजे हे छप्पर त्यानंतरचं. भिंती मात्र आधीच्या असू शकतात. आढ्याखालच्या त्रिकोणी भिंतीत खाली जांभा आणि वर विटांचा पट्टा लागला, की समजावं, छप्पर उचललं गेलं आहे.

भिंतीला भिंत मिळते तो कोपरा सर्वांत बोलका. एकाच वेळी बांधलेल्या भिंतींचे दगड एकमेकांत गुंतलेले असतात. वरून खालपर्यंत सरळ सांधा दिसला, तर त्यातली एक भिंत वाढीव. कुठली, हे रंग सांगतो. दोन्ही भिंतींवर दोन इंचांचा चौकोन बोथट पात्याने हळूहळू खरवडा आणि थर मोजा. चुना, काव, निळीचा हात, वर ऑइल पेंट. एकीकडे दहा थर आणि दुसरीकडे चार, तर बहुधा चारवाली नंतरची. जुना गिलावा काढून सिमेंट मारलं असेल तर ही मोजणी गेलीच. मग माळ्यावर, कपाटामागे, जिथे गवंड्याचा हात पोचला नाही तिथे शोधायचं.

मग कागद. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं, म्हणून बेळगावच्या इंग्रजी अमलातल्या दप्तरात वाड्याची नोंद मिळाली नाही, तर वाडा नवा ठरत नाही. मोडीतलं खरेदीखत हाती आलं तर चतुःसीमेबरोबर खण, म्हणजे दोन खांबांमधल्या जागा, किती लिहिलेत ते वाचा. खतात सात खण, आज मोजले तर नऊ. मग त्या सरळ सांध्याकडे परत जा. त्याच्या पलीकडे दोनच खण भरतात का, ते मोजा.