पित्ताची वाट मोकळी करताना

आज मी कर्करोगाच्या मुळावरच्या उपचारांबद्दल बोलणार नाही. त्या रोगामुळे पित्तनलिका बंद झाली की रुग्णाचं काय होतं आणि ती पोट न उघडता आतून कशी मोकळी करता येते, एवढ्यापुरतंच बोलायचं आहे. हा भाग गाठीपुढे दुय्यम वाटतो. पण पुढचे दिवस कसे जाणार, केमोथेरपी सुरू होणार की नाही, हे पुष्कळदा त्याच्यावरच ठरतं.

यकृतात रोज अर्ध्या लिटरहून जास्त पित्त तयार होतं. ते ज्या नलिकेतून खाली येतं तिची रुंदी जेमतेम सहा मिलिमीटर असते. शेवटच्या टप्प्यात ही नलिका स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला उघडते. म्हणूनच स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ फार मोठी नसतानाही नलिका दाबून टाकते. पित्तनलिकेचा स्वतःचा कर्करोग, पित्ताशयाचा कर्करोग, दुसरीकडून पसरून वाढलेल्या लसिका गाठी यांच्यामुळेही हेच होतं. यकृत पित्त बनवतच राहतं, पण जायला वाट नाही, म्हणून ते रक्तात मिसळतं. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौचाचा रंग मात्र फिका, मातकट होतो. पोटात बऱ्याचदा दुखत नाही. त्यामुळेच ‘साधी कावीळ असेल, उतरेल’ म्हणत मोलाचे आठवडे निघून जातात.

घरच्यांचं लक्ष पिवळेपणाकडे असतं. रुग्णाला विचारलं तर तो आधी खाजेबद्दल बोलतो. अंगावर पुरळ नाही, पण तळहात-तळपाय खाजतात, रात्री तर जास्तच. दंडांवर, पोटऱ्यांवर नखांचे ओरखडे असतात आणि पाठीच्या मधोमध, जिथे हात पोहोचत नाही, तेवढीच कातडी शाबूत दिसते. मलमांनी आणि ॲलर्जीच्या गोळ्यांनी या खाजेला फारसा उतार पडत नाही, कारण मूळ तुंबलेल्या पित्तात आहे. वाट मोकळी झाली की बहुतेकांची खाज काही दिवसांत कमी होते. पिवळेपणा जायला मात्र काही आठवडे लागतात. माणसाला पुन्हा झोप लागते, जेवावंसं वाटतं. या आजारात ही फार मोठी गोष्ट आहे.

पूर्वी यासाठी मोठं ऑपरेशन करून पित्ताला दुसरी वाट काढून द्यावी लागे, किंवा बरगड्यांजवळून यकृतात सुई घालून नळी बाहेर काढावी लागे. 1968 मध्ये अमेरिकेत विल्यम मॅक्यून यांनी एंडोस्कोपमधून, म्हणजे तोंडावाटे आत जाणाऱ्या लवचीक दुर्बिणीतून, पित्तनलिकेच्या तोंडाशी पोहोचून दाखवलं. 1974 मध्ये जपान आणि जर्मनीत ते तोंड आतूनच कापून रुंद करण्याची पद्धत आली. पुढे काही वर्षांत हॅम्बर्गमध्ये निब झोएंद्रा यांनी त्याच मार्गाने पहिला स्टेंट, म्हणजे नलिका उघडी ठेवणारी छोटी नळी, बसवला. दुर्बीण आणि एक्स-रे यांच्या मदतीने पित्तनलिकेत शिरण्याच्या या पद्धतीचं नाव ईआरसीपी; म्हणून यालाच आपण ईआरसीपी करून स्टेंट टाकणं म्हणतो.

गुंगी देऊन दुर्बीण तोंडावाटे जठरातून लहान आतड्यात नेतात. तिचा कॅमेरा समोर न पाहता बाजूला पाहतो, कारण नलिकेचं तोंड आतड्याच्या भिंतीवर, एका छोट्या उंचवट्यावर असतं. त्यातून केसासारखी बारीक तार सरकवायची. एक्स-रेच्या पडद्यावर ती अरुंद जागेपाशी अडते, वळते, पुन्हा मागे घ्यावी लागते. ती पलीकडे गेली की तिच्यावरून स्टेंट सरकवता येतो. स्टेंट बसला की कोंडलेलं गडद पित्त भसकन आतड्यात उतरतं. ते पाहताना आजही मला हायसं वाटतं.

प्लॅस्टिकच्या स्टेंटची जाडी साधारण तीन मिलिमीटर असते. त्याच्या आत जंतूंचा थर आणि गाळ साचतो, म्हणून सुमारे तीन महिन्यांनी तो बदलावा लागतो. धातूच्या जाळीचा स्टेंट मिटलेल्या छत्रीसारखा आत जातो आणि जागेवर उघडून आठ ते दहा मिलिमीटर होतो. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात धातूचे स्टेंट मध्यकानुसार (मीडियन) 273 दिवस उघडे राहिले, प्लॅस्टिकचे 126 दिवस. धातूचा महाग असतो, पण वारंवार दवाखान्यात जाण्याचा त्रास आणि खर्च धरला तर हिशेब बदलतो.

आता जो प्रश्न घाईत विचारायचा राहतो तो. स्टेंट कशासाठी? ऑपरेशन लगेच होणार असेल तर सगळ्यांनाच त्याची गरज नसते. 2010 मध्ये आलेल्या दुसऱ्या एका डच अभ्यासात आधी स्टेंट टाकलेल्यांपैकी 74 टक्क्यांना गंभीर गुंतागुंत झाली, थेट ऑपरेशन झालेल्यांपैकी 39 टक्क्यांना. त्यात बहुतेक स्टेंट प्लॅस्टिकचे होते, हे खरं. पण कावीळ दिसली की आधी स्टेंट, ही सवय चुकीची आहे. ताप असेल, बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारं पित्तातलं पिवळं द्रव्य) फार चढलं असेल, ऑपरेशन लांबणार असेल किंवा आधी केमोथेरपी द्यायची असेल, तर स्टेंट हवाच. बिलिरुबिन उतरल्याशिवाय बरीचशी औषधं देता येत नाहीत. आणि शक्य असेल तिथे सीटी स्कॅन स्टेंटच्या आधी करून घ्या. नंतर गाठीची हद्द तितकी स्पष्ट दिसत नाही.

अडथळा यकृताच्या मुखाशी, जिथे उजवी-डावी नलिका एकत्र येते तिथे असेल, तर काम बरंच अवघड होतं. एमआरआयवर आधी नकाशा पाहून, यकृताच्या निम्म्याहून जास्त भागातून पित्त उतरेल असं नियोजन करावं लागतं. नलिकेच्या ज्या फांदीत एक्स-रेवर दिसणारं द्रव्य सोडलं पण जिथून निचरा झाला नाही, तिथे जंतुसंसर्ग होतो.

धोके आहेतच. स्वादुपिंडाला सूज येते, क्वचित रक्तस्राव होतो, आतड्याला छिद्र पडतं. सूज टाळण्यासाठी गुदमार्गे इंडोमेथासिन हे सूज रोखणारं औषध देतात.

घरी गेल्यावर थंडी वाजून ताप आला, डोळे पुन्हा पिवळे किंवा लघवी पुन्हा गडद झाली, तर स्टेंट बंद पडला असं धरून त्याच दिवशी दवाखाना गाठा. तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत थांबू नका. तुंबलेल्या पित्तातला जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो, आणि बंद पडलेला स्टेंट बदलता येतो. कोणत्या प्रकारचा स्टेंट आहे, कधी टाकला आणि कधी बदलायचा, हे कागदावर लिहून फाइलच्या पहिल्याच पानाला लावा. रात्री तुम्हाला तपासणारे डॉक्टर वेगळे असतील, आणि त्यांना सगळ्यात आधी हेच हवं असेल.